वर्गाची रोजकीर्द

मुलांपुढे भाषण करणे हे काही माझ्या आवडीचे काम नाही. पण गेल्या ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने बोलावले आणि नाही म्हणता आले नाही. या भागात मी पूर्वी बँकेचा शाखाधिकारी म्हणून तीन वर्षे काढली आहेत. ज्यांना तेव्हा गाई-म्हशींसाठी कर्जे दिली आणि नंतर ज्यांच्या दारात वसुलीला गेलो, त्यांची नातवंडे समोर बसणार होती. गेलो, बोललो. मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या. भाषण आवडल्यापेक्षा ते संपल्याचा आनंद त्या टाळ्यांत अधिक होता, हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

चहा व्हायचा होता. मी व्हरांड्यात येऊन उभा राहिलो आणि समोरची भिंत वाचू लागलो.

शाळा पहिली ते सातवीची. त्या लांबलचक भिंतीवर गेरूने सात रकाने आखले होते. प्रत्येक रकान्यावर इयत्तेचे नाव आणि सगळ्यांच्या वर मोठ्या अक्षरांत 'आमच्या वर्गाच्या बातम्या' एवढेच. रकान्यांत वहीची पाने डकवलेली. अक्षर मुलांचे, शुद्धलेखनही मुलांचेच.

पहिलीच्या रकान्यात चित्रे होती. एका चित्रात एक कुत्रे आणि त्या कुत्र्यापेक्षा मोठी एक चप्पल. खाली बाईंनी मुलाचे शब्द जसेच्या तसे उतरून घेतले होते : 'कुत्र्याने माझी चप्पल नेली. एकच नेली.' दुसरीची बातमी आकड्यांची : 'आज दोघांचे दात पडले. दिवाळीपासून पडलेले एकूण दात १४.' तिसरीने मटकी, हरभरा आणि गहू ओल्या फडक्यांत बांधून ठेवले होते. आधी मोड कोणाला येतील यावर वर्गात पैज लागलेली दिसत होती, कारण मथळाच होता 'गहू हरला'. पाचवीची मुले गुरुजींबरोबर जाऊन शाळेमागच्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडत आणि काठापासून पाणी किती खाली गेले ते मोजत. सोमवार २१ फूट ४ इंच, गुरुवार २१ फूट ७ इंच. सहावीने बालबाजार भरवला होता. त्यांची बातमी अशी : 'मेथीच्या ४० जुड्या आणल्या. ३१ विकल्या. ९ सुकल्या. नफा ११ रुपये. दुपारनंतर भाव कमी करायला पाहिजे होता.' बँकेत असताना माझ्या टेबलावर धंद्याच्या कर्जासाठी किती प्रकल्प अहवाल आले असतील त्याची गणती नाही. पण त्यांतल्या एकातही हे शेवटचे वाक्य लिहिण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

सातवीकडे संपादकाचे काम होते. त्यांच्या रकान्यात एक चौकट होती. 'दुरुस्ती : मागच्या आठवड्यात पाचवीने दिलेली विहिरीची खोली तीन इंच जास्त होती. दोरीला गाठ पडली होती.'

आणि चौथी. चौथीच्या रकान्यात एकच पान होते.

'आमच्या वर्गाचा पट १९. आज हजर ८. अकरा जण आईबापाबरोबर कारखान्याला गेले. बैल पण गेले. कबड्डीचे दोन संघ होत नाहीत.'

बालाघाटाच्या कडेच्या या गावांत दसरा-दिवाळी झाली की काय होते, ते इथे राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता धरून टोळ्याच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि मुले. पाडव्याच्या सुमाराला परत येतात. मधले चार-पाच महिने शाळेच्या हजेरीपत्रकात त्यांच्या नावापुढे काय भरायचे, हा शिक्षकांचा दरवर्षीचा प्रश्न. हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळे आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय होते. पण ज्या घरात मागे राहायला आजीच नाही आणि कडेवर आणखी एक लहान मूल आहे, त्या घरातली नऊ-दहा वर्षांची मुलगी ते लहान मूल सांभाळायला बरोबर जातेच.

मी ते पान दुसऱ्यांदा वाचत होतो, तेवढ्यात चौथीच्या बाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "साहेब, हे पान ठेवावं की काढावं, तुम्हीच सांगा."

हकिकत अशी होती. आदल्या पंधरवड्यात तालुक्याहून कोणी तपासणीला आले होते. भिंत पाहून खूश झाले, फोटो काढले आणि जाताना म्हणाले, "उपक्रम छान आहे. तेवढं चौथीचं मात्र काढून टाका." गावातल्या एक-दोन जाणत्यांनीही विचारले होते, गावाची अब्रू अशी भिंतीवर कशाला टांगायची? सहकारी शिक्षकांना वेगळीच काळजी. पटावर शिक्षकांची पदे ठरतात. वर्गात आठच मुले आहेत, हे आपणच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले तर उद्या कोणी एक पद कमी करायचे. बाईंना हे सगळे पटत होते आणि पटतही नव्हते. ज्या मुलीने ते पान लिहिले होते, तिला 'काढ' म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. "पाहू," असे काहीतरी पुटपुटून मी चहा घेतला आणि गाडीत बसलो. वसुलीला आलेला साहेब जसा 'पाहू' म्हणून सुटका करून घेतो, तसेच ते झाले. बाईंना द्यायचे राहिलेले ते उत्तर आज इथे लिहितो आहे.

शाळेच्या बातम्या म्हटल्या की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? स्नेहसंमेलनात वाचला जाणारा अहवाल. अमुक विद्यार्थी तालुक्यात पहिला, तमुक संघ जिल्ह्यात दुसरा, प्रमुख पाहुण्यांनी मार्गदर्शन केले, आभारप्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता झाली. आता याला पालकांच्या मोबाइलवरच्या गटाची जोड मिळाली आहे. वृक्षारोपण झाले, फोटो. योगदिन झाला, फोटो. हात धुण्याचा दिवस झाला, चाळीस मुलांचे ऐंशी ओले हात आणि फोटो. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. वरून 'फोटो पाठवा' असा निरोप येतो आणि फोटो गेला की उपक्रम झाला, असे धरले जाते. इंग्रजी माध्यमाच्या चकचकीत शाळांतही निराळे काही नाही. तिथे कागद गुळगुळीत असतो, एवढाच फरक.

या सगळ्या बातम्या मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेल्या असतात. मुले त्यांत असतात ती रांगेत उभी राहण्यापुरती. पहिलीतल्या मुलाच्या चपलेला त्यांत जागा नाही, सहावीच्या सुकलेल्या नऊ जुड्यांना नाही आणि चौथीच्या रिकाम्या जागांना तर नाहीच नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर त्या वहीला जमेची बाजू तेवढी आहे. नावे टाकायची बाजूच छापलेली नाही. अशी वही कुठल्याही दुकानदाराने ठेवली असती, तर मी त्याला कर्ज दिले नसते.

आपल्याकडे मुलांनी लिहिलेल्या मजकुराची परंपरा अशी गोडगोड मात्र नाही. महाराष्ट्रातल्या शाळेतल्या मुलीने लिहिलेला आणि छापून आलेला सगळ्यांत जुन्या मजकुरांपैकी एक म्हणजे मुक्ता साळवे हिचा निबंध. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेतली ही मांग समाजातली विद्यार्थिनी. 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. चौदाएक वर्षांच्या त्या मुलीने शाळेत आलेल्या पाहुण्यांविषयी किंवा मिळालेल्या बक्षिसांविषयी लिहिले नाही. आपल्या माणसांना कसे वागवले जाते आणि धर्म त्यांना काय देतो, हे विचारले. त्या वेळी 'एवढे पान काढून टाका' असे सांगणारे पुण्यात थोडे नसतील. ज्योतिबा-सावित्रीबाईंनी ते काढले नाही, 'ज्ञानोदय'नेही गाळले नाही. आज पावणेदोनशे वर्षांनी आपण सावित्रीबाईंच्या जयंतीला शाळाशाळांत फोटोला हार घालतो. आणि त्याच शाळांच्या भिंतींवर एका मुलीने चार ओळी खऱ्या लिहिल्या, तर आपला जीव खालीवर होतो.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारी आल्यावर त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढले. छापलेले नव्हे, हाताने लिहिलेले. शिकवणे, मुलांची आजारपणे, त्यांच्या खोल्या आवरणे हे सगळे करून हा माणूस रोज स्वतः लिहून पाने मुलांच्या समोर ठेवत असे. पुढे 'साधना' साप्ताहिक काढणाऱ्या संपादकाची उमेदवारी पन्नास-शंभर पोरांच्या त्या भिंतीपाशी झाली होती.

आणि योगायोग असा की त्याच १९२४ साली फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका डोंगरी खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाच्या प्राथमिक शिक्षकाने वर्गात एक छोटे छपाईयंत्र आणले. पहिल्या महायुद्धात या माणसाच्या फुप्फुसाला जखम झालेली. तासन्तास मोठ्याने बोलून शिकवणे त्याला झेपत नसे. तेव्हा त्याने मुलांनाच बोलते केले. मुले फिरायला जात, पाहिलेले सांगत, लिहीत आणि त्यातला निवडलेला मजकूर खिळे जुळवून स्वतः छापत. तो छापील मजकूर पोस्टाने दुसऱ्या शाळेला जाई. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या ब्रिटनी प्रांतातल्या शाळेतली मुले आपल्याकडच्या बातम्या उलट पाठवत. डोंगरातल्या पोरांना मासेमारीची बातमी आणि कोळ्यांच्या पोरांना डोंगरातली. मुलांच्या लिखाणावरून फ्रेनेच्या मागेही लोक लागले. पुढच्या गावात १९३२-३३ साली वाद इतका पेटला की अखेर सरकारी शाळा सोडून त्याने १९३५ मध्ये स्वतःची शाळा काढली. तेव्हा बाईंना पहिले सांगायचे ते हे, की तुमच्यासारख्या पेचात सापडलेल्या तुम्ही काही पहिल्या नव्हेत.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. १९७२ च्या दुष्काळात मी सहावीत होतो. आमच्या शाळेत दाराजवळ एक फळा बातम्यांसाठी राखून ठेवलेला असे. रोज एका मुलाची पाळी. बहुतेक जण रेडिओवर ऐकलेले पंतप्रधानांचे दौरे लिहीत. त्या हिवाळ्यात गावातली निम्मी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि थोराड दिसणारी मुलेही त्यांच्याबरोबर जात. शाळेत सुकडी मिळायची, घरी मिलोची लालसर भाकरी. माझी पाळी आली त्या दिवशी रेडिओच्या सेलचा जीव गेलेला होता. काय लिहावे सुचेना म्हणून मी लिहिले, 'आज सहावीत अकरा मुले हजर. बाकीची खडी फोडायला गेली आहेत.'

गुरुजी आले. फळ्यासमोर थांबले. मला वाटले, आता पाठीत धपाटा बसणार. गुरुजींनी खडू घेतला, माझ्या 'हजर'मधला 'ज' नीट गिरवला आणि आत गेले. बाकी काही बोलले नाहीत. तो फळा त्यांनी चार दिवस पुसू दिला नाही. पुढे त्यांनी रविवारी, खडी फोडणाऱ्या मुलांना सुट्टी असे तेव्हा, दोन तास वर्ग घ्यायला सुरुवात केली. माझ्या बातमीमुळेच घेतला असे मी म्हणणार नाही. पण मी पुढे चार-सहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यांवर बरेवाईट छापूनही आले. पण त्या गिरवलेल्या 'ज'ची सर कशालाच आली नाही. आपण जे पाहिले ते लिहिले, आणि एका मोठ्या माणसाने ते पुसले नाही! लिहिणाऱ्याला आणखी काय हवे असते?

तिसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. तीही सांगायला हवी.

साल १९९१. मी नव्यानेच शाखाधिकारी झालो होतो. शेजारच्या गावातल्या शाळेत मुलांची बचत बँक होती. मुले खाऊच्या पैशांतले आठ आणे, रुपया जमा करत, सातवीतली दोन मुले कारकून, एक रोखपाल आणि महिन्याच्या शेवटी सगळी रक्कम शाळेच्या नावाने आमच्या शाखेत भरली जाई. वार्षिक समारंभाला मला बोलावले होते. शाळेत शिरताच फलकावर सातवीची ठळक बातमी : 'बचत बँकेत ३ रुपये ६० पैसे कमी भरले. शोध चालू आहे.'

मी अस्वस्थ झालो. मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन म्हणालो, "आज पालक येणार, सरपंच येणार. एवढं उतरवून घ्या. पाहिजे तर साडेतीन-चार रुपये मी देतो." मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि सातवीच्या कारकुनाला बोलावले. तो तेरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, तुम्ही पैसे दिल्यावर चूक सापडेल का?"

मला घाम फुटला. कारण हाच प्रश्न माझ्या पहिल्या शाखेतल्या म्हाताऱ्या हेडकॅशियरने मला विचारला होता. संध्याकाळी कॅश जुळेना म्हणून मी खिशातून नोट काढली होती, तेव्हा. बँकेतला साधा नियम आहे. दिवसाचे पुस्तक जुळल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही, आणि फरक कधी खिशातून भरून काढायचा नाही. खिशातून भरला की फरक दिसेनासा होतो, चूक मात्र तिथेच राहते.

मी खुर्ची ओढली आणि त्या पोरांबरोबर खतावणी उघडून बसलो. त्यांना आमच्या धंद्यातली एक युक्ती सांगितली : फरकाला नवाने भाग जात असेल, तर बहुधा शेजारशेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेलेले असतात. ३६० पैशांना नवाने भाग जातो. आता उलटे आकडे शोधा. दहा मिनिटांत सापडले. पाचवीतल्या एका मुलीने १ रुपया ५० पैसे भरले होते, वहीत ५ रुपये १० पैसे लिहिले गेले होते. फलकावर दुसरे पान लागले : 'फरक सापडला. चूक कारकुनाची. पैसे कोणीही घेतले नव्हते.' समारंभात टाळ्या पडल्या त्या या बातमीला. मी ती बातमी उतरवून घेतली असती, तर त्या वर्गातल्या रोखपाल मुलावर आयुष्यभर एक संशय राहिला असता, हे मला घरी जाताना सुचले.

म्हणून वर्गाच्या बातम्यांना मी मनाशी रोजकीर्द म्हणतो. जुन्या व्यापाऱ्यांच्या घरी खतावणीच्या आधी रोजकीर्द लिहीत. ज्या दिवशी जे आले-गेले ते त्याच दिवशी, घडले त्या क्रमाने. हिशेबाची पुढची सगळी इमारत तिच्यावर उभी. रोजकीर्दीत खोट आली, तर वर्षअखेरची तेरीज कितीही सुबक आखली तरी काय उपयोग? पटाच्या बाबतीत आपण ते पाहिलेही आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सबंध राज्यात पटपडताळणी करावी लागली, ती कागदावरची मुले आणि बाकावरची मुले यांत फरक पडला म्हणूनच. तो फरक एका दिवसात पडलेला नव्हता. रोज थोडे थोडे खरे लिहायचे राहून गेले होते.

त्या भिंतीकडे परत पाहताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पहिली ते सातवी हे सात रकाने म्हणजे एक जिनाच होता. पहिलीतले मूल आपल्याला काय झाले ते सांगते. दुसरीतले मोजू लागते. तिसरीला वाट पाहायला येते, मोड आज दिसले नाहीत तर उद्या दिसतील एवढा धीर आलेला असतो. पाचवी मोजमाप नोंदवते. सहावीला स्वतःचा तोटा कबूल करता येतो. सातवी दुसऱ्याची चूक दुरुस्त करते आणि तीही न हिणवता, 'दोरीला गाठ पडली होती' असे कारण देऊन. मधल्या चौथीत काय येते? चौथीतल्या मुलाला पहिल्यांदा समोर नसलेले माणूस दिसू लागते. पटावर आहे आणि बाकावर नाही, हे त्याला टोचू लागते. जिन्याची ही पायरी काढून टाकली, तर पाचवीच्या पायरीवर पोचायचे कसे?

अब्रूचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. गावातल्या जाणत्यांचे म्हणणे मी मनात बरेच दिवस घोळवले. गरिबाच्या दुःखाचे प्रदर्शन कोणीच मांडू नये, मुलांनी तर नाहीच. पण त्या पानावर एकाही घराचे नाव नव्हते. कोणी किती उचल घेतली, याचा उल्लेख नव्हता. कोणाची कीव नव्हती. मुलीने चार खऱ्या गोष्टी लिहिल्या होत्या आणि त्यांतली शेवटची तर तिच्या स्वतःच्या अडचणीची होती. कबड्डीला पोरे कमी पडतात. यात अब्रू जाण्यासारखे काही असेल, तर ती त्या अकरा घरांची नाही. ऊस गोड आहे म्हणून खाणारे आपण सगळेच तिथे आलो. भिंतीवरच्या बातम्यांना नियम हवेत, हे खरे. दुःखाच्या बातमीत नाव घालायचे नाही. ज्याच्याविषयी लिहायचे त्याला आधी विचारायचे. चुकले तर त्याच जागी दुरुस्ती लावायची. एवढे तीन नियम पुरेत आणि ते त्या शाळेने न सांगता पाळले होते.

पदाची भीतीही खोटी नाही. पण पद वाचवण्यासाठी अनुपस्थित मूल लपवायचे, तर त्या मुलाला शिकवण्यासाठी पद हवे, हे कोणत्या तोंडाने मागणार? आठ हजर आणि अकरा बाहेर हा आकडा शाळेविरुद्धचा पुरावा नाही. वसतिगृह हवे, कारखान्याच्या तळावर शाळा हवी, परतल्यावर जादा वर्ग हवेत, या मागणीचा तो आधार आहे. अर्जाला कागद जोडावा लागतो, हे बँकेत पस्तीस वर्षे काढलेला माणूस सांगतो आहे.

एवढे सगळे लिहून झाल्यावर मला वाटले, उत्तर पाठवण्याआधी एकदा जाऊन यावे. पाडव्यानंतर दोन आठवड्यांनी गेलो. उन्हे तापली होती. भिंतीवरची पाने नवीन होती. पण चौथीच्या रकान्याच्या बाजूला गेरूने एक आठवा रकाना आखलेला दिसला. त्याच्या वर लिहिले होते, 'फडातून आलेल्या बातम्या'.

बाईंनी ते पान काढले नव्हते. उलट त्याचा आणि दर आठवड्याच्या सगळ्या रकान्यांचा फोटो त्या टोळ्यांतल्या पालकांच्या मोबाइलवर पाठवायला लागल्या होत्या. 'फोटो पाठवा' या निरोपाचा असाही उपयोग होतो, हे मला सुचले नसते. ऊस तोडून आलेला बाप रात्री कोपीत मोबाइल उघडी आणि मुले आपल्या वर्गाच्या बातम्या वाचत. मग तिकडून निरोप येऊ लागले. बोललेले. इथल्या मुलांनी ते ऐकून कागदावर उतरवले होते.

'इथं पहाटे तीनला उठतात. मी भावाला सांभाळते. सतराचा पाढा पाठ आहे.' 'आमच्या बैलाचा पाय मुरगळला. आता बरा आहे.' 'गहू हरला हे वाचून मी पण मटकी भिजवली. आईने उसळ केली.' आणि एक बातमी, जी वाचून मी बराच वेळ उभा राहिलो : 'कबड्डीला मी आल्यावर खेळू. माझी जागा कोणाला देऊ नका.'

वर्गाची बातमी कोणासाठी असते, हे इतकी वर्षे लिहून मला कळले नव्हते. तपासणीला येणाऱ्यासाठी ती नसते, पाहुण्यासाठी नसते. जो आज वर्गात येऊ शकला नाही त्याच्यासाठी ती असते. तापाने पडलेला, लग्नाला गेलेला, कारखान्यावर गेलेला. तो परत येईल तेव्हा आपल्यामागे काय झाले ते त्याला समजावे आणि आपली आठवण कोणी काढत होते, हेही समजावे.

बाई वर्गात होत्या. मी दारातूनच म्हणालो, "बाई, उत्तर आणलं होतं. पण उशीर झाला."

त्या हसल्या. म्हणाल्या, "साहेब, आजचं पान वाचलंत का?"

वाचले. 'पट १९. हजर १७. नऊ जण परत आले. कबड्डीचे दोन संघ झाले, थोडे लहान. दोघी अजून आल्या नाहीत. शोध चालू आहे.'

दोघी. एक, दोन महिने कोणताच निरोप न आलेली. दुसरी, जिच्या घरी परस्पर मामाच्या गावी जायचे ठरल्याचे कळले होते. वय दहा-अकरा. त्या वयाच्या मुली शाळेतून गेल्या की पुन्हा कुठे सापडतात, हे बाईंनाही ठाऊक होते आणि मलाही. त्याच संध्याकाळी मुख्याध्यापक आणि बाई मोटारसायकलवरून त्या मामाच्या गावी जाणार होते.

बँकेत न जुळणारी रक्कम तात्पुरती ठेवायला एक सस्पेन्स खाते असते. तिथे रकमा वर्षानुवर्षे पडून राहतात, साहेब बदलतात आणि हळूहळू त्यांची आठवण कोणालाच राहत नाही. मुलांसाठी असे खाते उघडता येत नाही. त्या भिंतीवर फरक अजून उघडा आहे. दोन. तो जुळेपर्यंत ते पान कोणी काढू नये.